तेलाची विहीर आणि पाण्याची विहीर

मोडनिंब हे सोलापूर-पुणे महामार्गावरील आणि कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्गावरील गाव. पश्चिमेस भीमा, पूर्वेस सीना आणि मधल्या पट्ट्यात पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख, अशी भोवतालच्या माढा तालुक्याची ठेवण आहे. उजनीचे धरण याच तालुक्यात आहे. १९८० साली ते पुरे झाल्यापासून तालुक्याच्या काही भागात कालव्याचे पाणी खेळते. परंतु जेथे कालवा पोचत नाही तेथे ज्वारी, बोर, डाळिंब, द्राक्ष आणि ऊस या सर्वांची भिस्त विहिरीवर आणि गेल्या काही दशकांत विंधनविहिरीवर, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या 'बोअर'वर आहे. सावता माळ्यांचे अरण येथून जवळच आहे. मळ्यातच पंढरी पाहणाऱ्या त्या संताच्या परिसरात विहिरीचे महत्त्व कोणी कोणास पटवून द्यावे असे नाही. तरीही अशा एखाद्या गावात 'या शिवारात विहिरी किती, बोअर किती, त्यांपैकी चालू किती आणि बंद किती' एवढा साधा प्रश्न विचारला, तर त्याचे खात्रीचे उत्तर एका जागी मिळणे कठीण असते.

उत्तराचे तुकडे मात्र अनेक ठिकाणी विखुरलेले आहेत. सातबाऱ्यावर जलसिंचनाच्या साधनाचा उल्लेख असतो. शेतीपंपाची जोडणी वीज कंपनीच्या पुस्तकात असते. भूजल यंत्रणेकडे तिच्या स्वतःच्या निरीक्षण विहिरींची आकडेवारी असते. बोअर किती फूट गेले, कोठे पाणी लागले आणि कोठे कोरडा दगड लागला, हे बोअरच्या गाडीवाल्याला ठाऊक असते. आणि शेजारच्या बोअरमुळे आपली विहीर आटली की काय, ही शंका शेतकऱ्याच्या मनात असते. हे पाचही तुकडे एकत्र जोडून पाहण्याची सवय शासनालाही नाही आणि गावालाही नाही. शेतात नसलेली विहीर कागदावर सापडावी, हा विषय 'जाऊ तिथे खाऊ' या २००७ च्या मराठी चित्रपटाने विनोदाने मांडला होता. त्याच्या उलट प्रकार, म्हणजे शेतात असलेली विहीर कागदावर नसणे, हा अधिक व्यापक आहे आणि त्यात विनोद मुळीच नाही.

तेलाच्या विहिरीची कुंडली

या अनास्थेचे स्वरूप नीट समजावयाचे असेल तर जमिनीत खोदल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका विहिरीकडे पाहावे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर, समुद्राखाली १९७४ साली 'बॉम्बे हाय' येथे तेल सापडले आणि १९७६ पासून ते काढले जाऊ लागले. तेथील प्रत्येक विहिरीला क्रमांक आहे. ती कोणत्या दिवशी खोदावयास घेतली, किती खोलीवर कोणता खडक लागला, कोणत्या थरात तेल मिळाले, दररोज किती तेल, किती वायू आणि किती पाणी निघते, दाब किती उरला आहे, याची नोंद ठेवली जाते. १९४८ चा तेलक्षेत्र कायदा आणि त्याखाली १९५९ मध्ये झालेले पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियम यांनी ही शिस्त घालून दिली. १९९३ मध्ये हायड्रोकार्बन महासंचालनालय स्थापन झाले आणि या माहितीवर देखरेख करणारी एक स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. तेलाची विहीर बंद करावयाची तरी ती वाटेल तशी सोडून देता येत नाही. कोणत्या रीतीने बुजविली याचाही हिशेब द्यावा लागतो.

नोंदीच्या जोडीला वर्गीकरण असते. नव्या ठिकाणी तेल आहे की नाही हे पाहण्यासाठी खोदलेली ती शोधविहीर. सापडलेल्या साठ्याचा आवाका ठरविण्यासाठी खोदलेली ती मूल्यमापन विहीर. आणि प्रत्यक्ष उत्पादनासाठी खोदलेली ती विकास विहीर. अमेरिकेतील टेक्सास राज्यात तर तेलाची विहीर कोणती आणि वायूची कोणती, याचीही आकड्यात बांधलेली व्याख्या आहे. एका बॅरल तेलामागे एक लाख घनफुटांहून अधिक वायू निघत असेल तर ती वायूची विहीर. वरकरणी हा कारकुनी काटेकोरपणा वाटेल. परंतु त्या एका शब्दावर विहिरीतून किती उपसावे, दुसरी विहीर किती अंतरावर असावी आणि दरमहा कोणते विवरणपत्र भरावे, हे सारे अवलंबून असते. कोणत्याही वर्गीकरणाचा अर्थ असाच असतो. वस्तूला नाव दिले की तिच्यासंबंधीची कर्तव्ये ठरतात. नाव न देणे ही कर्तव्य टाळण्याची सर्वांत सोयीची वाट असते.

'जो उपसेल त्याचे'

तेलाला ही शिस्त पहिल्यापासून होती असे मात्र नव्हे. तेल आणि भूजल या दोहोंच्या कायद्याचे मूळ एकच आहे आणि ते मूळ बेशिस्तीचेच आहे. १८४३ साली इंग्लंडमधील एका न्यायालयाने असा निर्णय दिला की, जमिनीखालून अदृश्यपणे झिरपणारे पाणी ज्याच्या जमिनीत सापडेल त्याने ते उपसावे; त्यामुळे शेजाऱ्याची विहीर आटली तरी दाद मागता येणार नाही. हेच तत्त्व भारतात १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात आले. निश्चित प्रवाहातून न वाहणारे जे पाणी जमिनीखाली असेल ते आपल्या हद्दीत गोळा करून त्याची विल्हेवाट लावण्याचा अधिकार जमीनमालकाला मिळाला. १८९१ मध्ये हा कायदा मुंबई इलाख्यास लागू झाला आणि अर्थातच सोलापूर जिल्ह्यासही. मोडनिंबच्या शिवारात आज जो न्याय व्यवहारात चालतो, त्याचा जन्म असा एका परक्या, पावसाळी देशात झालेला आहे.

टेक्सासमध्ये याच इंग्लिश निर्णयाचा आधार १९०४ साली घेतला गेला. डेनिसन नावाच्या गावी एका रेल्वे कंपनीने आपल्या इंजिनांसाठी २० फूट रुंद आणि ६६ फूट खोल विहीर खणली आणि दररोज २५,००० गॅलन पाणी उपसावयास सुरुवात केली. शेजारच्या एका गृहस्थाची ३३ फूट खोल घरगुती विहीर आटली. त्याने दावा लावला आणि तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे होते की, जमिनीखालचे पाणी कसे आणि कोठून चालते हे इतके गूढ आहे की त्याविषयी कायद्याचे नियम करणे अशक्यप्राय आहे. ३३ फुटांची विहीर ६६ फुटांच्या विहिरीपुढे हरली. फुटांचे आकडे बदलले तर हा खटला सोलापूर जिल्ह्यातील कोणत्याही गावचा वाटावा.

तेलालाही टेक्सासने प्रारंभी हेच तत्त्व लावले. त्याचा परिणाम १९३० मध्ये सापडलेल्या पूर्व टेक्सासच्या प्रचंड तेलक्षेत्रात दिसून आला. शेजारी उपसण्यापूर्वी आपण उपसावे, या एकाच हिशेबाने जो तो विहिरीमागून विहीर खोदू लागला. भूगर्भातील दाब खचू लागला, बाजारात तेलाचा महापूर आला आणि बॅरलला एक डॉलरच्या आसपास असलेला भाव १९३१ च्या उन्हाळ्यात पंधरा सेंटांच्याही खाली गेला. अखेर त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यपालांना तेलक्षेत्रात लष्करी कायदा पुकारून शिपाई धाडावे लागले. त्यानंतरच्या संघर्षातून विहीरनिहाय उपशाची मर्यादा, अंतराचे नियम आणि नियमित विवरणपत्रे यांची घडी बसली. ज्या तेलकंपन्यांनी प्रारंभी या नियमांना कडाडून विरोध केला, त्यांतील कित्येकांना पुढे त्यांचाच आधार वाटू लागला; कारण शेजारी किती उपसतो हे कळल्यावाचून आपण थांबण्यात शहाणपण नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होते. जमिनीखालचे सारे गूढ आहे असे १९०४ साली म्हणणाऱ्या राज्याने तेलाच्या बाबतीत ते गूढ मोजून दाखविले. पाण्याच्या बाबतीत मात्र तेथेही जुनेच तत्त्व दीर्घकाळ टिकून राहिले. ज्या द्रव्यावर राज्याला स्वामित्वधन मिळते आणि कंपन्यांना नफा मिळतो, त्याची मोजदाद झाली. ज्यावर माणसे जगतात त्याची राहून गेली. हे केवळ टेक्सासचे वैशिष्ट्य नाही.

कायदा आहे, दप्तर नाही

महाराष्ट्राने या विषयाकडे दुर्लक्ष केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७२ च्या दुष्काळाच्या काळातच भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. विंधनविहिरी आणि हातपंप यांचा खेडोपाडी प्रसार झाला तो त्याच दशकात, आणि ज्या हातपंपाच्या आधारे पुढे 'इंडिया मार्क दोन' हा देशभर गेलेला पंप तयार झाला तो 'सोलापूर पंप' म्हणूनच ओळखला जात असे. १९९३ मध्ये राज्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर खणण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. २००९ मध्ये विधिमंडळाने अधिक व्यापक असा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम संमत केला आणि तो २०१४ च्या जूनमध्ये अंमलात आला. विहीरमालकांची नोंदणी, बोअरच्या यंत्रांची नोंदणी, ६० मीटरहून, म्हणजे सुमारे दोनशे फुटांहून खोल विहिरींवर निर्बंध आणि पाणलोट क्षेत्राच्या पातळीवर लोकांच्या समित्या, असे सर्व काही त्यात आहे. २०१८ मध्ये त्याच्या नियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यावर बरीच टीकाही झाली.

असे असता बोअरच्या गाड्या रात्री-अपरात्री येतात, पाणाड्याने दाखविलेल्या जागी पाचशे-सातशे फूट जातात आणि सकाळी पुढच्या गावी निघून जातात. विहीर फसली तर शेतकऱ्याचे कर्ज उरते. साधली तर शेजाऱ्याची चिंता वाढते. आणि दोन्ही परिस्थितींत त्या खोदकामातून निघालेले ज्ञान मातीमोल होते. माती किती, मुरूम किती, काळा दगड कोठे लागला, तांबडा थर कोठे लागला आणि पाण्याची धार कोणत्या फुटावर आली, ही माहिती मिळविण्यासाठी शासनाला एरव्ही स्वतः पैसे खर्चून खोदावे लागते. येथे ती शेतकऱ्याच्या पैशाने रोज तयार होते आणि रोज वाया जाते. लघु पाटबंधाऱ्यांची देशव्यापी गणना होते, तिने खोदविहिरींच्या संख्येत महाराष्ट्राला देशात अग्रस्थान दिले आहे. परंतु तिच्या पाचव्या फेरीचे संदर्भवर्ष २०१३-१४ आणि सहाव्या फेरीचे २०१७-१८ होते. बोअर एका रात्रीत होते आणि त्याची गणती काही वर्षांनी होते.

याचा परिणाम वर्गीकरणावर होतो. राज्याची सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रांत विभागणी केलेली आहे. वर्षभरात जितके भूजल उपशासाठी उपलब्ध होते, त्याच्या सत्तर टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर ते क्षेत्र सुरक्षित. सत्तर ते नव्वद टक्के असेल तर अंशतः शोषित. नव्वद ते शंभर टक्के असेल तर शोषित. आणि शंभरहून अधिक असेल तर अतिशोषित. सूत्र स्वच्छ आहे. परंतु या अपूर्णांकाचा अंश, म्हणजे प्रत्यक्ष उपसा, हा बहुधा विहिरींची संख्या आणि दर विहिरीमागे गृहीत धरलेला सरासरी उपसा यांच्या गुणाकारातून येतो. विहिरींची संख्याच जुनी किंवा अपुरी असेल तर गुणाकार बिनचूक असूनही उत्तर चुकते. ज्या गावाला 'सुरक्षित' म्हटले जाते त्याला नव्या विहिरींसाठी अनुदान आणि कर्ज यांची दारे उघडी राहतात. ज्याला 'अतिशोषित' म्हटले जाते त्याची ती बंद होतात. तेव्हा नोंदीतील चूक ही कागदापुरती राहत नाही. ती कोणाच्या तरी संसारात जाऊन पोचते.

पाच हेक्टर ऊस

या जमिनीखाली पाणी असते तरी किती, याचा एक ढोबळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सोलापूर जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. हा खडक वाळूसारखा पाणी धरून ठेवत नाही. वरचा कुजलेला मुरमाड थर आणि खालच्या भेगा एवढ्यातच पाणी साठते, आणि खडकाच्या आकारमानाच्या साधारणतः एक ते तीन टक्केच पाणी त्यातून उपसून मिळते. ते दोन टक्के धरू. शंभर हेक्टर शिवाराखालील पाण्याची पातळी पाच मीटरने उतरली, तर एकूण एक लाख घनमीटर पाणी मिळाले असा अर्थ होतो. उसाला हंगामभरात सुमारे दोन मीटर उंचीचे, म्हणजे हेक्टरी वीस हजार घनमीटर पाणी लागते असे मानले, तर शंभर हेक्टरांखालचे ते सारे पाणी अवघ्या पाच हेक्टर उसात संपते. तेच पाणी ज्वारीला ऐन गरजेच्या वेळी सहा सेंटिमीटरचे एक संरक्षित पाणी म्हणून दिले, तर दीडशेहून अधिक हेक्टर भिजतात. ऊस लावणारा शेतकरी दोषी आहे असा याचा अर्थ नाही. ज्या पिकाला निश्चित गिऱ्हाईक आणि निश्चित भाव आहे ते लावणे हा त्याचा सरळ व्यवहार आहे. पण पाच हेक्टरांसाठी शंभर हेक्टरांची पातळी उतरते, हे गावाला आकड्यात दिसत नाही. जे दिसत नाही त्यावर ग्रामसभेत चर्चा होत नाही, आणि चर्चेवाचून जे घडते ते सवयीने घडते.

खोल जाऊन हा हिशेब बदलत नाही. पाषाणात जसजसे खाली जावे तसतशा भेगा विरळ होत जातात. सातशे फुटांवर मिळालेली धार ही पुष्कळदा नवा साठा नसते. वरच्या थरातले किंवा फार मंद गतीने भरणारे पाणीच तेथे ओढले जाते. म्हणजे खोल बोअर हा पुष्कळदा वाढीव पाण्याचा मार्ग नसून शेजाऱ्याच्या आडातील पाण्याची दुसरी वाट असतो. १९०४ सालचा डेनिसनचा खटला येथे कोर्टाची पायरी न चढताच रोज निकालात निघतो. त्यात हरणारा बहुधा तोच असतो, ज्याला दुसरे बोअर घेण्याची ऐपत नसते. त्यातच पाणी उपसण्याचा खर्च शून्याकडे चालला आहे. २०२४ मध्ये राज्याने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली. अडचणीतल्या शेतकऱ्याला दिलासा देणारा हा निर्णय असला, तरी पंप थांबविण्याचे किमतीतून मिळणारे कारण त्यामुळे उरत नाही. किंमत जेथे गप्प असते तेथे निदान नोंदीने बोलले पाहिजे.

उघडे तोंड

नोंद नसण्याची आणखी एक किंमत आहे आणि ती पैशात मोजता येत नाही. फसलेले बोअर उघडे टाकून दिले जाते आणि त्यात लहान मूल पडते, ही बातमी देशात दर वर्षी-दोन वर्षांनी कोठून तरी येते. २००६ साली हरियानातील कुरुक्षेत्र जिल्ह्यात एका बालकाला अशा खड्ड्यातून जिवंत बाहेर काढताना सारा देश दूरचित्रवाणीसमोर बसला होता. परंतु प्रत्येक मुलाचे दैव तसे नसते. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर मार्गदर्शक सूचना दिल्या. बोअर घेण्यापूर्वी पंधरा दिवस स्थानिक अधिकाऱ्यांना कळवावे, खोदणाऱ्या संस्थांची नोंदणी असावी, जागेवर फलक व कुंपण असावे, पंप दुरुस्तीला काढला तर तोंड उघडे राहू नये आणि सोडून दिलेले बोअर तळापासून वरपर्यंत भरून घ्यावे, असे त्यांत सांगितले आहे. त्याचबरोबर चालू बोअर किती, सोडून दिलेली पण उघडी किती आणि सोडून देऊन नीट बुजविलेली किती, याची जिल्हा, तालुका आणि गाव अशी वर्गवारी ठेवावी, असेही न्यायालयाने सांगितले आहे. तेलाच्या विहिरीला जे वर्गीकरण नियमाने लागू असते, तेच येथे न्यायालयाला मुलांच्या जिवासाठी सांगावे लागले. ही तीन शीर्षकांची वर्गवारी ज्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर वाचावयास मिळेल, अशा ग्रामपंचायती किती सापडतील?

शेतकऱ्याची भीती

या सर्व विवेचनावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, तेलाच्या विहिरी थोड्या आणि त्यांचे मालक धनाढ्य. पाण्याच्या विहिरी लाखोंनी आणि त्यांचे मालक दोन-चार एकरांचे धनी. एकाला जो अर्ज भरणे शक्य आहे तो दुसऱ्याला भरणे शक्य नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच कळविण्याची जबाबदारी शेतकऱ्यावर टाकण्याऐवजी खोदणाऱ्यावर टाकली पाहिजे. विहिरी लाखो असल्या तरी बोअरच्या गाड्या मोजक्या आहेत, आणि त्यांची नोंदणी कायद्याने अपेक्षितही आहे. खोदकाम संपल्यावर खोली, थर, पाण्याची पातळी आणि जागा यांची एक चिठ्ठी गाडीवाल्याने शेतकऱ्याला आणि एक ग्रामपंचायतीला दिल्यावाचून त्याचे काम पूर्ण झाले असे मानू नये. तेलाच्या व्यवसायातही अहवाल देण्याचा भार खोदणाऱ्या आणि चालविणाऱ्या यंत्रणेवरच असतो. शिवाय १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी आपले पीक आणि जलसिंचनाचे साधन स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून नोंदवू लागला आहे. नव्या कचेरीची गरज नाही. असलेल्या नोंदी एकमेकींना जोडण्याची आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. आज नोंद, उद्या मीटर आणि परवा कर, अशी शेतकऱ्याची समजूत आहे, आणि शासनाशी आलेल्या त्याच्या अनुभवात तिला आधार नाही असे म्हणता येणार नाही. त्याहूनही मोठी भीती अशी की, नोंदणी झाल्यावर नव्या विहिरींना बंदी झाली, तर ज्यांनी आधीच पाच-पाच बोअर घेतली त्यांचा उपसा कायम होईल आणि ज्याने अजून एकही घेतले नाही तो कायमचा वंचित राहील. ही भीती रास्त आहे. नोंदीने हक्क सिद्ध होत नाही, हे तत्त्व म्हणूनच पहिल्या दिवशी जाहीर झाले पाहिजे. पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम, त्यानंतर ज्याच्याकडे एकही साधन नाही त्याला सामाईक विहिरीत वाटा, आणि मगच उरलेल्यांच्या वाढीव उपशाचा विचार, असा क्रम ठरला तर नोंदवही ही बलवानांची सनद होणार नाही. ती जितकी उघडी राहील तितकी निर्धोक राहील. कचेरीच्या कपाटात बंद असलेली नोंद ही दंडाची भीती निर्माण करते; गावाच्या भिंतीवर लावलेली नोंद ही शेजाऱ्यांमधील विश्वासाची गोष्ट होते.

असे घडू शकते याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर न घेण्याचा निर्बंध स्वतःवर घालून घेतला आणि पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून त्यानुसार पिके ठरविण्याची प्रथा पाडली. पाऊस कमी झाला तर बागायत कमी, हा तेथील साधा नियम आहे. तो पाळला जातो याचे कारण पोलीस नव्हे. पाऊस किती पडला आणि विहिरींत किती आहे हे गावाने स्वतः मोजलेले असते आणि ते सर्वांना ठाऊक असते. २०१९ मध्ये महाराष्ट्रासह सात राज्यांसाठी सुरू झालेल्या अटल भूजल योजनेनेही निवडक ग्रामपंचायतींत पाण्याच्या अंदाजपत्रकाची हीच रीत रुजविण्याचा प्रयत्न केला. परंतु एक आदर्श गाव किंवा एक मुदतबंद योजना म्हणजे व्यवस्था नव्हे. व्यवस्था तीच, जी नेता बदलला आणि निधी संपला तरी चालू राहते. आणि असे चालू राहण्याची सवय दप्तराला असते.

म्हणून मोडनिंब आणि त्यासारख्या शेकडो गावांपुढे आज जी गोष्ट करण्यासारखी आहे ती खर्चाची नाही आणि क्रांतिकारकही नाही. प्रत्येक विहिरीला आणि बोअरला एक क्रमांक असावा. त्यापुढे पाच रकाने असावेत: प्रकार, खोली, वापर, चालू की बंद, आणि बंद असल्यास बुजविले की नाही. पावसाळा संपल्यावर व उन्हाळा लागण्यापूर्वी, अशा वर्षातून दोन वेळा गावातील काही ठरावीक विहिरींची पातळी मोजली जावी. महाविद्यालयातील आणि माध्यमिक शाळेतील विद्यार्थी दोरी आणि फूटपट्टी घेऊन हे काम करू शकतात, आणि भूगोल व गणित यांचा याहून चांगला धडा पुस्तकात सापडणार नाही. ऑक्टोबरमध्ये, म्हणजे रब्बीची पेर आणि बागांचे नियोजन होत असताना, तो तक्ता ग्रामसभेत वाचला जावा. तालुका आणि जिल्हा यांनी त्या तक्त्यांची बेरीज करावी आणि भूजल यंत्रणेने पाणलोट क्षेत्राचे वर्गीकरण गृहीत सरासरीऐवजी शक्य तितके त्या बेरजेवर उभे करावे.

येथे शासनाची कसोटी आहे. २००९ च्या कायद्यातील निर्बंध सर्वत्र आणि एकदम लागू करण्याचा आग्रह धरला तर लोक नोंदणीपासूनच पळतील; आणि लोकांच्या नाराजीला भिऊन नोंदणीही सोडून दिली तर निर्बंध कधीच न्याय्य रीतीने लागू होणार नाहीत. आधी मोजणे, मग सांगणे आणि शेवटी नियमन करणे, या क्रमाला पर्याय नाही. ज्या राज्याच्या समुद्रातील तेलाची प्रत्येक विहीर गेली पन्नास वर्षे नोंदवहीत आहे, त्या राज्याला आपल्या शिवारातील पाण्याच्या विहिरी मोजणे अशक्य आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. पुढच्या दुष्काळात टँकर कोणत्या वस्तीवर आधी जावा, कोणाचे बोअर तात्पुरते अधिग्रहित करावे आणि कोणते उघडे तोंड आजच बुजवावे, हे तीन निर्णय तरी त्या वेळी अंदाजाने घ्यावे लागू नयेत, एवढी तयारी आजपासून करता येण्यासारखी आहे.